अवसेला सुरू केलेलं मशीन

"मशीन पाडव्यालेच सुरू होईन, वकीलसाहेब. आता त्याच्यात बदल नाही," गणपतराव म्हणाले आणि त्यांनी माझ्यापुढे चहाची कपबशी सरकवली. म्हणजे विषय संपला.

मी वकील नाही. बी.कॉम. होऊन यवतमाळला इन्कम टॅक्सची प्रॅक्टिस करत होतो. पण हातात कागदांची बॅग आणि नाकावर चष्मा असला, की पांढरकवड्यात माणूस वकीलसाहेब व्हायचा. मीही कधी दुरुस्ती केली नाही. फी मागताना बरं पडायचं.

गणपतरावांची तिथे छोटी ऑइल मिल होती. त्या वर्षी त्यांनी नवाकोरा एक्स्पेलर घेतला. एक्स्पेलर म्हणजे फल्लीचे, अर्थात भुईमुगाचे, दाणे स्क्रूनं दाबून तेल काढणारं मशीन. हाताशी होतं नव्हतं ते सगळं त्यात गेलं. मशीन शेडमध्ये येऊन पडलं होतं, अंगावर गोणपाट पांघरून, पाडव्याची वाट बघत.

आता इथे थोडं टॅक्सचं सांगावं लागेल. जांभई आली तर येऊ द्या. मी 'ॲडव्हान्स टॅक्स' हे शब्द उच्चारले, की आमच्या घरातली मुलं आपोआप अभ्यासाला बसतात.

सरकार कर आधीच हप्त्याहप्त्यानं घेतं, तो ॲडव्हान्स टॅक्स. हप्ता किती, ते मागच्या उत्पन्नावरून ठरतं. गणपतरावांचं मागचं वर्ष चांगलं गेलं होतं, त्यामुळे हप्ता जाड होता. त्यातला डिसेंबरचा हप्ता ऐन हंगामात यायचा. तेव्हा बाजारात फल्लीच्या गाड्या लागतात आणि शेतकऱ्याला पैसे रोख हवे असतात.

यातून वाट एकच होती. यंदा उत्पन्न कमी भरणार असेल, तर आपण आपला अंदाज लिहून द्यायचा. त्याला एस्टिमेट म्हणतात. तो दिला की हप्ता उतरतो. आणि करापुरतं उत्पन्न कमी व्हायला कायद्यानंच सोय केली होती, डेव्हलपमेंट रिबेट. नवं मशीन बसवून धंद्यात वापरलं, की त्याच्या किमतीचा काही हिस्सा उत्पन्नातून वजा. फक्त मशीन ज्या वर्षात चालू होईल, त्याच वर्षात वजा.

आणि गणपतरावांचं वर्ष, सगळ्या बाजारासारखं, दिवाळी ते दिवाळी. लक्ष्मीपूजनाला जुनं संपायचं, पाडव्याला नवं लागायचं.

"एका दिवसानं असा काय फरक पडते?" त्यांनी विचारलं.

"एका वर्षाचा पडतो. पाडव्याला सुरू केलंत तर रिबेट पुढच्या सालात. डिसेंबरचा हप्ता या सरत्या सालाचा, तो पूर्ण भरावा लागेल. मग फल्ली कशानं घेणार?"

ते बोटांवर काहीतरी मोजू लागले.

"हप्ता भरला तर मशीनले काय हवा चारू?" स्वतःशीच म्हणाले. मग म्हणाले, "धनतेरसले करू. तोही दिवस चांगलाच आहे."

मी खूश होऊन यवतमाळला आलो. घरी दोन दिवस मी फार हुशार माणूस होतो.

धनत्रयोदशीला निरोप आला, की इंजिनापासून मशीनपर्यंतचा पट्टा आखूड निघाला आहे. दुसरा पट्टा नागपूरहून ट्रकवाल्याबरोबर मागवला होता. तो चतुर्दशीला संध्याकाळी पोचला. म्हणजे उरला एकच दिवस, लक्ष्मीपूजनाचा. मी पहाटेची एस.टी. पकडली. निघताना बायकोनं एवढंच विचारलं, "पूजेला याल, की आम्हीच वहीखात्याची पूजा करून घेऊ?" दिवेलागणीच्या आत येतो, असं वचन देऊन निघालो.

शेडमध्ये रहीमभाई मिस्त्री पट्टा चढवून तयार बसले होते. गणपतराव मात्र दारात, गुडघ्यांना मिठी मारून.

"आज अवस आहे," ते म्हणाले. "माय नाही म्हणते."

"पाह्यलं का साहेब?" रहीमभाई म्हणाले. "सकाळपासून हात काळे करून बसलो मी, अन् आता हे मायचं नाव सांगून राह्यले."

मी बॅग उघडली. कलम वाचून दाखवलं, त्याचा अर्थ सांगितला, अर्थाचा अर्थ सांगितला. गणपतरावांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. अमावस्या जागची हलली नाही.

पण मीही त्या दिवशी हट्टाला पेटलो होतो. इतक्या लांब येऊन नुसता चहा पिऊन परत जायचं नव्हतं. म्हटलं, "चला, मीच विचारतो मायला."

तसे गणपतराव ताडकन उठले. "तिले कायले तरास देता? म्हातारं माणूस आहे."

ते ज्या घाईनं उठले, ती घाई मला खटकली. मी सरळ शेडमागच्या घराकडे निघालो. माय ओट्यावर वाती वळत बसल्या होत्या.

"माय, आज मशीन सुरू करायला तुमची ना आहे म्हणे?"

"माही? मले कोणं इचारलं?"

त्यांनी माझ्या मागे पाहिलं. गणपतराव पायाच्या अंगठ्यानं जमीन उकरत होते.

"काहून रे गणपत, लक्ष्मी कधी येते आपल्या घरी?"

"आज. संध्याकाळी."

"अन् आज काय हाय?"

"अवस."

"तिले अवस चालते, अन् तुह्या मशीनले चालत नाही?" मायनं वात ताटात टाकली. "भेव तुले वाटते, अन् नाव माहं सांगतं!"

रहीमभाई हसू दाबायला दुसरीकडे बघू लागले. गणपतराव मात्र हसले नाहीत. हळूच म्हणाले, "सारा पैसा टाकला व माय त्याच्यात. नाही चाललं तर?"

इतके दिवस मी त्यांना हप्त्याचं भय घालत होतो. त्यांचं खरं भय हे होतं, आणि ते त्यांनी मुहूर्ताखाली झाकून ठेवलं होतं. पाडव्यापर्यंत निदान मशीन बिघडलेलं तर नव्हतं.

"मंग चालते का नाही ते आजच कयू दे," माय म्हणाल्या. "उद्या सणाच्या दिवशी कायले रडतं?"

मायनं मशीनला हळद-कुंकू लावलं. रहीमभाईंनी इंजिनाचं हँडल मारलं. पट्टा एकदा फटकन वाजला आणि मी दोन पावलं मागे सरलो. ते सरकणं अनाठायी नव्हतं, कारण एक्स्पेलरनं पहिला काळा चिकटा माझ्याच पँटवर उडवला. मग गढूळ काहीतरी आलं. मग बराच वेळ काहीच आलं नाही. गणपतराव डोळे मिटून उभे होते.

"डोये उघडा मालक," रहीमभाई ओरडले, "तेल येऊन राह्यलं!"

बारीक पिवळी धार डब्यात पडत होती. गणपतराव तिच्याकडे बघतच राहिले.

पण काम संपलं नव्हतं. मशीन नुसतं फिरलं, याला धंदा म्हणत नाहीत. विक्री हवी होती. सणाच्या दिवशी गिऱ्हाईक कुठलं? हायवेवरच्या हॉटेलवाल्याला माणूस पाठवला, तेव्हा त्यानं दोन डबे घेतले. पाडव्याला त्याच्याकडे भजी फार खपायची. पण पहिलं गिऱ्हाईक मी होतो. एक डबा, रोख, पावतीसकट.

"फीसच्या बदल्यात नेऊन राह्यले का साहेब?" रहीमभाईंनी विचारलं.

घरी पोचलो तेव्हा अंगणात पणत्या लागत होत्या. बायकोनं पँट पाहिली, डबा पाहिला. "लोक लक्ष्मीपूजनाला मिठाई आणतात," म्हणाली.

दिवाळीनंतर मी एस्टिमेट दिलं. डिसेंबरचा हप्ता पार बारीक झाला. वाचलेल्या पैशाची फल्ली आली आणि एक्स्पेलर सगळा हंगाम चालला. पुढे केस तपासणीला लागली, तेव्हा ऑफिसरसाहेबांनी पहिल्या पावतीवर बोट ठेवलं.

"हे गिऱ्हाईक तुम्हीच का?"

"हो साहेब."

"वर्षातला शेवटचा दिवस, आणि तेल घेणारा कर सल्लागार?"

"खाली हॉटेलवाल्याची पावती आहे साहेब. माझी सोडून द्या. पण तेल खरं होतं. घरी विचारा, पहिल्या घाण्याला लोखंडाचा वास होता, म्हणून शेवटपर्यंत मलाच वाढलं."

त्यांनी हॉटेलवाल्याची पावती पाहिली, इंजिनाच्या तेलाचं बिल पाहिलं आणि रिबेट मंजूर केला. मी गणपतरावांना तार केली आणि मागाहून जाऊन सांगितलं, की कायद्याप्रमाणे आता आठ वर्षं हे मशीन विकता येणार नाही. ते मशीनवर हात ठेवून म्हणाले, "इकतो कायले?"

त्या प्रकरणातून मी एक गोष्ट शिकलो, जी कुठल्याच कलमात नाही. अशील "घरी विचारून सांगतो" म्हणाला, की मी बॅग उचलून उठतो आणि म्हणतो, "चला, मीही येतो."