रस्त्यापलीकडचं घर

परवा बाजारात उकडलेल्या शिंगाड्यांचा वास आला आणि मला भंडाऱ्याच्या तलावाकाठची ती सकाळ आठवली.

तलावाचं सुशोभीकरण ठरलं होतं. काठावरची, मासे धरणाऱ्या आम्हा ढिवरांची घरं पाडायला मशीन आलं. रस्त्याच्या अलीकडची सगळी घरं गेली. पलीकडचं, माझ्या मैत्रिणीचं, शेवंताचं, तेवढं वाचलं. बाबा मातीच्या ढिगातून जाळं ओढून काढत होते आणि ती आपल्या अंगणात उभी होती. तिच्या शाबूत भिंती पाहून माझा नुसता जळफळाट झाला.

"तुयं घर काहून नाही पाडत वं?" मी ओरडले.

ती म्हणाली, "तुमाले तं पक्कं घर भेटून राहिलं. आमी याच कौलाखाली मरू."

तेव्हा वाटलं, जखमेवर मीठ चोळतेय. आता कळतं, तीही माझ्यावर जळत होती.

आम्ही आता गावाबाहेर, मिळालेल्या त्या पक्क्या घरात, तिसऱ्या मजल्यावर राहतो. तलावात आता मासेमारी बंद आहे. बाबा दिवसभर गॅलरीत बसून असतात. शेवंताची कौलं अजून गळतात. पण तिला उठल्याबरोबर पाणी दिसतं. तेवढ्यासाठी मला आजही तिचा हेवा वाटतो.