कमळावहिनींचा रिकामा पाट

एक तारखेला सकाळी मी भाड्याचे साडेबारा रुपये कमळावहिनींच्या हातात ठेवले. ओसरीवर त्या, मी आणि माझी आई, एवढीच माणसं. "मोजून घ्या," मी म्हणालो. "तुमी मोजल्यात न्हवं? मग देवानं मोजलं तरी तेवढंच भरंल," असं म्हणून त्या हसल्या आणि खांबाला टेकून बसल्या. त्यांना टेकून बसलेलं मी प्रथमच पाहिलं, पण तेव्हा त्याचा अर्थ लागला नाही... त्याच आठवड्यात त्या गेल्या. आता दीड महिना होत आला.

पिंपरीला कारखाना निघाला आणि मी तिथे कारकून म्हणून लागलो, तेव्हा चिंचवड गावात गणपतराव आणि कमळावहिनी या जोडप्याच्या दोन खोल्या भाड्याने घेतल्या. आई, माझी पत्नी सुमती आणि मी. वहिनी मराठी सातवी शिकलेल्या. रविवारी दुपारी ओसरीवर त्या वाचनालयातली कादंबरी मोठ्याने वाचत. आई, सुमती आणि आळीतल्या पाच-सहा बायका ऐकायला येत, आणि सुट्टी म्हणून मीही. गणपतराव मात्र कधी बसले नाहीत. वाचन सुरू झालं की ते बैलांना वैरण घालायला गोठ्यात जात. वहिनी नेहमी गोठ्याच्या भिंतीकडे तोंड करून बसत. तिथे उजेड कमी, जागा बदला, असं मी दोनदा सुचवलं. "हितनंच नीट वाचता येतं," म्हणाल्या. आवाज असा, की दुप्पट ओसरीला पुरला असता.

त्यांची एक रीत होती. मधोमध एक रिकामा पाट मांडायच्या. प्रकरण संपलं की कुणीतरी त्यावर बसायचं आणि प्रकरणात जो गप्प राहिला असेल, त्याच्या बाजूने तेच प्रकरण सांगायचं. अट एकच: त्याला जे ठाऊक नाही, ते आपण वाचलेलं असलं तरी बोलायचं नाही. मला हे पटत नसे. "घडलं ते एकच ना? मग खरं कोण, ते सांगा," असं मी म्हणे. "भावजी, लगेच बेरीज नगा करू. आदी एकेकाच्या डोळ्यानं बगा तरी."

एकदा घरात सासू-सुनेचं फारच बिनसलं. आईने ट्रंक भरली. सोमवारी गावी, चिपळूणकडे, निघणार म्हणाली. तिथे तिचं कुणीही उरलं नव्हतं. आदल्या रविवारचं प्रकरण नेमकं असं, की सणाच्या दिवशी सून माहेरी निघते आणि सासू दारात उभी राहते, पण एक शब्द बोलत नाही. वहिनींनी सुमतीला पाटावर बसवलं. "सासू तू."

सुमती आधी लाजली. मग म्हणाली, "मी तिच्यासाठी पोळी बाजूला काढून ठेवली होती. पण सांगितलं असतं, तर म्हणाली असती, मला अडवायला काढलीय."

"अगदी तस्संच म्हणाली असती!" आई ताडकन बोलली. सगळ्या हसल्या. वहिनींनी लगेच तिचा हात धरला. "या, आता सून तुमी. आन् पोळीचं तुमाला ठावं न्हाई, बरं का."

आई पाटावर बसली आणि हळूच म्हणाली, "मी वळून पाहिलं. त्या दारात उभ्या होत्या. मला वाटलं... मी गेल्याची खात्री करून घेतायत."

भांडणं संपली असं मी लिहिणार नाही. पुढेही पुष्कळ झाली. पण सोमवारी ट्रंक पलंगाखाली गेली ती आजवर तिथेच आहे.

गेल्या रविवारी आईनेच पाट मांडला. सुमती पुस्तक घेऊन आली तर म्हणाली, "थांब. आपल्यात कमळाच गप्प राहिली. सगळ्यांना पाटावर बसवलं, स्वतः कधी बसली नाही. दुखत होतं, तेही बोलली नाही. आज तिच्या बाजूने कोण सांगतं?"

तेवढ्यात गोठ्यातून गणपतराव आले आणि धोतराला हात पुसून पाटावर बसले.

"तिची बाजू मला ठावं न्हाई. माजी सांगतो. बायकांत बसलो तर गाव हसंल, म्हणून बसलो न्हाई. भावजींचं येगळं, ते शिकल्यालं. बैलांची वैरण घटकाभरात व्हायची... मग मी भिंतीला कान लावून हुबा ऱ्हायचो. तिला बिचारीला ते कदी कळलं न्हाई."

"कळलं नाही?" आई म्हणाली. "अहो, मग ती भिंतीकडे तोंड करून एवढ्या मोठ्याने कुणासाठी वाचत होती?"

सुमती उठली, वहिनींच्या जागेवर भिंतीकडे तोंड करून बसली आणि तिने पुस्तक उघडलं. पाटावरून गणपतरावांना कुणी उठवलं नाही. ती मात्र भिंतीपलीकडे ऐकू जाईल अशाच आवाजात वाचत होती.