फरशी सुकेपर्यंत

अण्णा गेल्याचा निरोप आला तेव्हा मी काष्टीला बहिणीकडे होतो. झोपेतच गेले म्हणे... खरं सांगतो, आधी मला त्यांचा रागच आला. नव्या फरशीचा पहिला पावसाळा तरी बघायचा होता.

अण्णा जामखेडच्या आमच्या बिडी कारखान्यात चेकर, मी त्यांच्या हाताखालचा कारकून. बायकांनी वळलेल्या बिड्या तपासायच्या, खराब निघतील त्या छाटायच्या. छाटलेल्या बिडीला मजुरी नाही. त्यामुळे अण्णा दिसले की बायका कपाळाला आठ्या घालत, आणि अण्णा त्यांच्याकडे ढुंकूनही बघत नसत.

कारखाना जुन्या जिनिंगच्या शेडमध्ये होता. तिथलं काँक्रीट थेट काळ्या मातीवर ओतलेलं. पावसाळ्यात फरशी खालून ओल धरायची, कोपऱ्यांत खाराचा पांढरा लोणा फुटायचा, आणि रात्रभर सुपात ठेवलेल्या बिड्या सकाळी सादळलेल्या निघायच्या. बायका पानं जास्त भिजवतात, असं मालकांचं म्हणणं. पान भिजवल्याशिवाय बिडी वळताच येत नाही, मग हा आळ झटकणार कसा? अण्णाही तेच धरून चालले होते. एका श्रावणात हौसाबाई, आमची सगळ्यात जुनी कामगार, त्यांना म्हणाली, "अण्णा, आज पानं तुमी भिजवा. मी वळते. मग बगू." अण्णांनी स्वतः पानं भिजवली. सकाळी त्याही बिड्या सादळल्या होत्या.

त्याच दिवशी त्यांनी घरून परात आणली, फरशीवर उपडी घातली आणि हवा शिरू नये म्हणून कडेनं मळलेली कणीक लिंपली. घरी वहिनींनी त्यांना परातीवरून आणि कणकेवरून चांगलंच फैलावर घेतलं असणार. दुसऱ्या दिवशी मालकांसमोर परात उचलली, तर आतून थेंब लोंबत होते. मालकांनी वरून सिमेंटचा थर मारून दिला. पुढच्या पावसाळ्यात त्याचे पोपडे सुटले. तेव्हा अण्णांनी सांगून टाकलं, "फरशी सुकेपर्यंत सादळलेली एकही बिडी मी छाटनार न्हाई. सुकली की मीच छाटीन, मग कुनाची गय न्हाई." नोकरी जाईल, मालक म्हणाले. घरात कमावणारे ते एकटेच होते. तरी रोज स्टुलावर बसून ते नरम बिड्या चांगल्यात घेत राहिले. मग व्यापाऱ्यांकडून माल परत यायला लागला, आणि मालकांनी फरशी फोडायचं कबूल केलं.

पुढे दुष्काळ पडला. फरशी आपोआप कोरडी झाली, आणि मालकांना वाटलं, आपण सुटलो. अण्णा मात्र हटून बसले, माती सुकलीय तोवरच फोडायची. बायका आवारातल्या लिंबाखाली बिड्या वळू लागल्या आणि आत पहारी सुरू झाल्या. काळी माती पुरती निघाल्याशिवाय अण्णांनी मुरूम पडू दिला नाही. मग दगड, मुरूम, ओल अडवायला डांबर, वर नवं काँक्रीट... आता जरा बसा, मी म्हणायचो. पावसाळा जाऊ दे, ते म्हणायचे. मृगाच्या आधीच ते गेले.

यंदा पाऊस भरपूर झाला. भादवा सरत आलाय, फरशी कोरडी आहे. अण्णांच्या जागी मालकांनी मला बसवलंय, पण छाटायचा मला धीर होईना. परवा हौसाबाईच्या सुपातली एक जुडी नरम लागली. मी ती गुपचूप चांगल्या मालात सरकवली. तिनं ती उचलून पुन्हा माझ्यापुढे ठेवली.

"छाटा. पान मीच लई भिजवलं. आता फरशीवर ढकलायचं न्हाई."

मी ती जुडी छाटली. आणि अण्णा गेल्यापासून आवरून धरलेलं रडू तिथेच, सगळ्यांच्या देखत, फुटलं.