मामंजींनी पुरलेला नारळ

माझा असल्या गोष्टींवर काडीचा विश्वास नव्हता, आधीच सांगते. शाळेत गेले नाही, भावाच्या पाटीवरून अक्षरं गिरवली, पण डोळे उघडे ठेवून वागायची सवय लहानपणापासूनची.

जयगडच्या खाडीकडचं आमचं सासर. तिसाच्या दशकातली गोष्ट, माझ्या लग्नाचं पहिलं वर्ष. शिमग्यात देवीची पालखी सहाणेवर, म्हणजे देवळासमोरच्या मोकळ्या जागेत बसते. त्या दिवशी पहाटे एक मानकरी सहाणेत गुपचूप नारळ पुरतो आणि दुपारी खांद्यावर नाचणारी पालखी तो शोधून काढते. खूण काढणं म्हणतात त्याला. हा मान आमच्या घरचा, सासऱ्यांचा. आणि पालखीच्या पुढच्या दांड्याला आमचे हे, मुंबईहून रजा काढून आलेले. मी मनात म्हटलं, बाप लेकाला डोळ्यानं खूण करत असणार... झालं, सगळी ट्रिक!

त्या दिवशी मामंजी पहाटे कुदळ घेऊन गेले, परत आले, पेज जेवले. उन्हं वर आल्यावर मला हळूच म्हणाले, "काय गो सुनबाई, मी आज नारळ पुरला काय?"

मला वाटलं, थट्टा. म्हटलं, "हाताला माती हाय की तुमच्या."

हात बघत बसले. मग म्हणाले, "कुठं पुरला ता आठवत नाय. कुणाला बोलू नको. त्यालापण नको."

तो "तो" म्हणजे आमचे हे. आणि भीती होती सदूतात्यांची, मामंजींच्या चुलत भावाची. खूण चुकली की मान आपल्या घरी, हे ते वर्षभर बोलून दाखवत.

दुपारी सहाणेभोवती बाजार काय भरला होता म्हणून सांगू! गुळाचं खाजं, मडकी, पाटे-वरवंटे, कासारणीच्या हिरव्या बांगड्यांचे ढीग. आणि गुलालात न्हालेली पालखी... तिचे रुप्याचे मुखवटे उन्हात असे लखलखत की डोळा ठरत नसे. ढोल वाजला की अंगावर काटा येई. तेवढं मात्र मी तेव्हाही मानत होते.

पालखी नाचली, फिरली, सहाणेचा कोपरा न् कोपरा धुंडाळला. खूण नाही. यांनी एकदाही बापाकडे पाहिलं नाही, मी टक लावून होते. मामंजी खांबाला टेकून उभे, चेहरा पांढरा.

"दादा, नारळ पुरलास ना? का नुसतीच कुदळ फिरवून आलास?" सदूतात्या सगळ्यांदेखत म्हणाले. लोक हसले.

तेवढ्यात पालखी वळली ती थेट सहाणेबाहेर, बाजारात. खाजंवाला टोपली उचलून पळाला. कासारणीच्या गोणपाटापुढे पालखी थांबली आणि दांडा तीनदा खाली वाकला. "अगो बाये, माझ्या काकणांवर कशाला?" म्हणत तिनं ढीग ओढला. लोकांनी खणलं. हातभर खाली नारळ! माझ्या जुन्या लुगड्याची पट्टी त्याला गुंडाळलेली, आदल्या दिवशी मीच फाडून दिलेली.

बाजार बसायच्या आधी, अंधारात, म्हातारा माणूस सहाणेची हद्दच विसरला होता.

मामंजी पुढे आले, कुदळ उचलली आणि सदूतात्यांच्या हातात दिली. "पुढल्या वर्षी तू पूर. माझ्या आता जागा लक्षात राहत नायत."

ज्या मानासाठी वर्षभर टोमणे मारले, तो असा हातात आलेला. सदूतात्या कुदळीकडे बघत राहिले. मग ती परत मामंजींच्या खांद्यावर ठेवली नि पालखीकडे हात करून म्हणाले, "तिच्या लक्षात राहतात ना? मग झालं. तूच पूर."

रात्री मी यांना सगळं सांगितलं. विचारलं, तुम्हाला कसं कळलं? म्हणाले, "पालखी खांदा ओढते, आम्ही मागून जातो." एवढंच.

मामंजींनी आणखी तीन वर्षं नारळ पुरला. तिन्ही वर्षं पेज जेवेपर्यंत विसरले. पालखी फिरू लागली की सदूतात्या जाऊन त्यांच्याशेजारी उभे राहत, हात धरून. पालखी एकदाही चुकली नाही. कसं, ते माझ्या शिकलेल्या नातवंडांनाही सांगता आलेलं नाही, मला तर नाहीच नाही.