चाड्यावरची मूठ

आईची किडनी मला बसवून दीड वर्ष झालं होतं. शरीरानं ती नाकारू नये म्हणून ज्या गोळ्या चालू होत्या, त्यांनी माझे हात कापायला लागले. चहा कपात कमी, बशीत जास्त. डोस याहून कमी केला तर किडनी धोक्यात येईल, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. गावानं मात्र मी प्यायला लागलो असं ठरवूनच टाकलं. त्याचा मला भयंकर राग होता.

त्या रागातच रब्बीची ज्वारी पेरताना मी तोंडाला मास्क बांधून पाभरीमागे गेलो. वडील बैल हाकत होते. पाभरीवर चाडं असतं, लाकडी पेल्यासारखं. मुठीतलं बी त्यात सारख्या धारेनं सोडावं लागतं. त्यासाठी गावात आईच्या मुठीचं नाव होतं. "आता थरथर थांबलीय," असं तिला खोटंच सांगून मी बी ओटीत घेतलं.

आठवड्यानं ज्वारी उगवली आणि माझं खोटं रस्त्याकडेला अर्धा एकर हिरवंगार उभं राहिलं. कुठे झुबकेच्या झुबके, कुठे हातभर मोकळी जमीन.

शेजारचे काका बांधावर थांबून हसले. "वहिनी, औंदा मूठ कुनी धरली हुती?"

मी तोंड उघडणार, तेवढ्यात खुरपता खुरपता आई म्हणाली, "म्याच की. हात लई कापतोय माझा आताशा."

तिच्या हातातलं खुरपं जराही हललं नाही.