माझी गूळतुला

माझं वजन हा आमच्या जानेफळात सार्वजनिक विषय आहे.

मी बासष्ट वर्षांची, ब्याऐंशी किलोंची. आमचे हे अडुसष्ट वर्षांचे, अठ्ठेचाळीस किलोंचे. त्यामुळे गावानं निकाल लावून टाकलेला, बाई सगळं खाते, बिचारा उपाशी! अरे, कसला उपाशी? चार भाकरी हाणतात, वर माझ्या ताटातली मिरचीही उचलतात. अंगाला लागत नाही त्याला मी काय करू?

डॉक्टरांनी दोघांनाही झापलं. "आजोबा, तुम्ही पाच किलो वाढवा. आजी, तुम्ही दहा घटवा." आजी! मला! पण राग गिळला, कारण गुडघे माझे होते. गेल्या महालक्ष्म्यांना मी पंगतीत खाली बसले आणि उठताच येईना. तिघांनी ओढून काढलं. नणंदेचा पोरगा म्हणतो कसा, "मामी, ट्रॅक्टर बोलावू का?" अख्खी पंगत हसली. मेल्यांनो, गुडघे तुमचेही म्हातारे होतील! त्याच दिवशी ठरवलं, कोणाचा हात न धरता जमिनीवरून उठायचं. बाकी काही नको.

चार महिने भात सोडला, साखर सोडली, पहाटे चालले. अकरा किलो उतरले! पण उठताना हात लागायचाच. त्यात यांनी बाँब टाकला. म्हणे, मी नवस बोललोय! (एरवी मी शाळेतलं मराठी बोलते. राग आला की माहेरचं येतं.)

"कोणाले इचारून बोलले?"

"मारुतीले."

"अन् मले?"

"तू वजन घटवून राह्यली होती. मधात काऊन बोलू?"

नवस काय, तर दहा किलो उतरले की पारावर माझी गूळतुला! एका पारड्यात मी, दुसऱ्यात गूळ. ज्या वजनापायी गावानं छळलं, ते गावादेखतच तोलायचं! मी दोन दिवस बोलले नाही. (तिसऱ्या दिवशी बोलले, ते चार घरांनी ऐकलं.) पण मारुतीचा नवस मोडायची हिंमत माझ्यातही नाही.

रशीदभाई कापसाचे व्यापारी. त्यांनी आपला जुना तराजू निंबाला टांगला. मला दोघांनी धरून पारड्यात बसवलं. सात जणींनी रीतीप्रमाणे माझी ओटी भरली, नारळ, गहू, सगळं. मी पदर सावरून बसले. समोर गुळाच्या पाच-पाच किलोंच्या भेल्या पडू लागल्या आणि सगळा पार मोठ्यानं मोजू लागला.

एकाहत्तर किलो म्हणजे पंधराव्या भेलीला मी वर जायला हवी. पंधरा! पारडं जमिनीला चिकटलेलं. सोळा! तरी तसंच. "अजून लागते वं!" मागून भाचा ओरडला. चार महिन्यांचा भात माझ्या डोळ्यांसमोरून गेला.

"रशीदभाई, काटा खोटा हाये तुमचा!"

"भाभी, कसम से, चाळीस वर्षं कापूस तोलला. कापसानं कधी तक्रार नाही केली!"

मग मी यांच्याकडे वळले. "मंग गूळच पोकळ आणला तुम्ही!"

"पोकळ गूळ कुठी भेटते वं?" म्हणत यांनी दोन्ही हातांनी सतरावी भेली उचलली.

"ठेवा तं खरं!" मी ताडकन उठले आणि पारड्याबाहेर आले. भेल्यांचं पारडं धप्पकन खाली. माझ्या पदरातले नारळ गडगडत सुटले, दहा-बारा किलो ओटी पारभर सांडली. मी सगळ्यांच्या नावानं शिमगा करत होते, आणि ते जास्तीचं वजन मीच कुशीत घेऊन बसले होते!

यांच्या हातून भेली निसटली. "उठली वं! कोणाचाच हात न धरता!"

मी खाली पाहिलं. खरंच उभी होते. मला रडू फुटलं, आणि गावासमोर रडू आलं म्हणून आणखी राग आला.

आता रोज भाकरी झाल्या की गुडघे पुन्हा रुसतात. मी चुलीपुढे बसलेलीच. मग हे दारातून शांतपणे सुरू करतात, "पंधरा... सोळा..."

सतरा म्हणायच्या आत मी उभी असते, हातात उलथणं घेऊन!