पंख्याचं बटण आणि वर्षाचं साक्षगंध

गाडीच्या पंख्याला मी बसवलेलं बटण उत्तम चालत होतं. हे आधीच सांगून ठेवतो, कारण त्या दिवसाचा विषय निघाला की आमच्या घरात एवढा एक मुद्दा सोडून बाकी सगळं बोललं जातं.

गाडी सेकंडहँड. इंजिन तापलं की रेडिएटरचा विजेचा पंखा आपोआप सुरू व्हायला हवा, पण आमचा होईना. त्याला हुकूम देणारा सेन्सर मेला होता. लोहारा गावचा मेकॅनिक म्हणाला, पार्ट नागपूरहून मागवावा लागेल, आला की फोन करतो. (ज्याने हे वाक्य ऐकलंय त्याला पुढचं सांगायला नको.) इकडे माझ्या धाकट्या बहिणीचं, वर्षाचं, साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, तोंडावर आलेलं. नवऱ्या मुलाच्या आजोबांना प्रवास झेपत नव्हता, म्हणून कार्यक्रम त्यांच्याकडे पांढरकवड्याला ठरला होता. आधीची दोन स्थळं अगदी सुपारी फुटायच्या वेळी फिसकटली होती. त्यामुळे आई जीप भाड्याने करू म्हणून मागे लागली होती, आणि वर्षा काहीच बोलत नव्हती. वर्षा काही बोलत नाही तेव्हा मला जास्त भीती वाटते.

पण मी पडलो कॉलेजात पदार्थविज्ञानाच्या प्रयोगशाळेतला सहायक! मुलांची सर्किटं जोडून देणारा माणूस एका पंख्यापुढे हार कशी मानणार? बॅटरीपासून वायर ओढली, मधे फ्यूज घातला, पुढे रिले लावला आणि रिलेला हुकूम द्यायला गाडीत एक बटण. सेन्सर गेला खड्ड्यात, आता पंखा आपल्या हाताने चालू करायचा. सगळं शास्त्रशुद्ध. फक्त गाडीचं बटण बाजारात मिळालं नाही, म्हणून घरातलं एक जुनं पांढरं बटण स्टेअरिंगच्या डावीकडे स्क्रूने पक्कं केलं. दाबलं, आणि पुढून घरघर आवाज आला. मी आईला, वर्षाला आणि दोन्हीकडच्या शेजाऱ्यांना बोलावून तो आवाज पुन्हा पुन्हा ऐकवला.

बटण घरातलं होतं आणि बाबाही घरातलेच होते, हे मात्र माझ्या ध्यानात आलं नाही.

बाबा तहसीलमधून कारकून म्हणून निवृत्त झालेले. ते दिवस लोडशेडिंगचे. वीज असायची तेव्हाही बाबा ती नसल्यासारखीच वापरायचे. पंख्याखाली माणूस नाही आणि बटण चालू, हे दृश्य त्यांना सहन होत नसे. आपल्याच घरात असं नाही, दवाखान्यात, बँकेत, पाहुण्यांकडेही ते जाता जाता हात लांब करत. एकदा डॉक्टर तपासत असताना त्यांनी डॉक्टरांचाच पंखा बंद केला होता. आणि गुडघे दुखतात म्हणून मी त्यांना बसवलं कुठे, तर पुढच्या सीटवर, बटणाच्या शेजारी.

निघताना मी बटण दाबलं आणि जाहीर केलं की आता तापमानाच्या काट्याकडे बघायचीही गरज नाही. (बघितलंही नाही.) मोकळ्या रस्त्यावर गाडी झकास पळाली. पांढरकवडा जवळ आलं आणि समोर रस्ताभर कापूस! खरेदी केंद्राची लाईन गावाबाहेरपर्यंत आली होती. त्या वर्षांत कापसाचं जे काही झालं ते सगळ्यांना माहीत आहे. माणसं दिवसेंदिवस बैलबंड्यांखाली झोपायची, तिथेच भाकरी खायची, नंबर पुढे सरकायची वाट बघायची. त्या बंड्यांच्या आणि ट्रॅक्टरांच्या मधून आमची गाडी मुंगीच्या पावलांनी निघाली. गाडी रेंगाळते तेव्हाच रेडिएटरला पंख्याची गरज असते. आणि तेव्हाच बॉनेटमधून वाफ निघाली.

मी बटणाकडे बघितलं. बंद.

"बाबा, हे बटण कोणं बंद केलं?"

"म्या केलं," बाबा शांतपणे म्हणाले. "कवाचा पंखा चालू हाये, अन् गाडीत हवा तर कोणालेच लागून नाई राह्यली."

कापसाच्या लाईनीत धूर दिसला की काय होतं, ते ज्याचा कापूस आहे त्यालाच कळतं. आग लागली, आग लागली, म्हणत चारी बाजूंनी माणसं धावली. ही नुसती वाफ आहे असं मी ओरडून सांगत होतो, पण माझंच धाबं दणाणलं होतं. शेजारच्या बंडीला पाण्याची कॅन लटकत होती. मी ती ओढली आणि होतं नव्हतं ते पाणी बॉनेटवर भिरकावलं. निदान माझा विचार तसा होता. पाणी बॉनेटवरून गेलं आणि पुढच्या बंडीतल्या कापसावर पडलं.

बंडीचा मालक वळला. डोक्याला दुपट्टा, दाढी वाढलेली, दाढीत कापूस. त्याने ओल्या कापसाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"काय केलं बाप्पा हे," तो हळूच म्हणाला.

तो ओरडला असता तर बरं झालं असतं. तो ओरडला नाही म्हणून मीच ओरडलो. बंडी रस्त्याच्या मधे कायले उभी केली, लोकांनी जावं कुठून, असं बरंच काही. तेवढ्यात मागून वर्षाचा आवाज आला.

"दादा, हळू बोल. हे प्रफुल्ल हायेत."

नवरा मुलगा! पोहे खायला आला होता तेव्हा दाढी गुळगुळीत, शर्टाला इस्त्री. हा माणूस तोच आहे हे ओळखायला वर्षाचेच डोळे हवेत. त्याची जागा धरायला येणारा चुलतभाऊ आलाच नव्हता, आणि आज ना उद्या नंबर लागेल या आशेवर हा स्वतःच्या साक्षगंधाच्या दिवशीही लाईनीत उभा होता. आम्हाला बघून तो असा काही खजील झाला की मला माझा गुन्हा क्षणभर विसरायला झाला.

"तुम्ही आंघोळ कवा करणार होते?" वर्षाने विचारलं.

"नंबर लागला का लगेच."

वर्षा हसली. दुसरं स्थळ मोडल्यापासून ती अशी हसलेली आम्ही पाहिली नव्हती. आईने पदर डोळ्याला लावला. पण मुहूर्त काही थांबणार नव्हता. कापसाजवळ कोणीतरी राहायला हवं होतं. सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं.

भाड्याच्या एका काळ्या-पिवळ्या जीपमध्ये प्रफुल्लला घेऊन सगळे गेले. जाता जाता बाबांनी मला गाडीचे लाइट बंद आहेत का ते बघायला सांगितलं.

आणि नशीब असं की दुपारी प्रफुल्लचा नंबर लागला. कापसाची प्रत ठरवणाऱ्या ग्रेडरने बंडीत हात घालून विचारलं, ओला आहे का. कोणीही शहाणा माणूस 'नाही' म्हणाला असता. मी 'हो' म्हणालो. वर हेही समजावून सांगू लागलो की पाणी फक्त वरच्या थरात आहे आणि बाष्पीभवनाने ते... ग्रेडर पुढच्या बंडीकडे गेलासुद्धा. कापूस वाळवा आणि पुन्हा मागे लागा, एवढंच सांगून गेला. मला बैल हाकता येत नाहीत. बैलांनीच मला लाईनीच्या शेपटापर्यंत नेलं.

तिथे नव्या रेशमी कुर्त्यात, डोकं धरून मी बसलो. माझ्या हाताने तिसरं स्थळ मोडलं, असंच वाटत होतं. दिवस कलताना प्रफुल्ल आला, दाढी करून, बोटात अंगठी. मागे डबा घेऊन वर्षा. त्याने सगळं ऐकून घेतलं.

"ओला हाये असं तुम्ही आपल्या तोंडानं सांगतलं?"

"त्यायनं विचारलं."

त्याने वर्षाकडे पाहिलं. "तुमच्या घरी सारे असेच खरं बोलतेत?"

"हो," वर्षा म्हणाली. "सवय करून घ्या लागते."

तो माझ्या शेजारी बसला आणि डबा उघडून माझ्यापुढे ठेवला. मग म्हणाला, "दादा, जेवा. रात्र मोठी हाये."

साक्षगंधाच्या अल्बममध्ये माझा एकच फोटो आहे, तोही वर्षाने पेपरातून कापून चिकटवलेला. लाईन बघायला आलेल्या कुठल्याशा फोटोग्राफरने बंडीवर बसलेल्या मला टिपलं होतं. खाली छापलंय, 'हवालदिल कापूस उत्पादक'. माझ्या नावावर एक गुंठाही जमीन नाही. पण फोटो छापून आला त्या दिवशी प्राचार्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं, खांद्यावर हात ठेवला आणि धीर धरा म्हणाले, तेव्हा खरं सांगायचं पहिल्यांदाच माझ्या जिवावर आलं.